जुनी पिकअप घरीच दुरुस्त करून पुन्हा उभी करताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या काकांची टाटा २०७ पिकअप पाच वर्षं आंब्याच्या बागेत उभी होती. ती घरी आणून त्यानं दोन रविवार घासली, वर रेड ऑक्साइड (लाल प्रायमर) मारला आणि आता कोणता शेड घ्यावा, एवढंच विचारायला आला होता. मी गाडीखाली शिरलो आणि हातोडीनं चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकत मागं गेलो. पुढं टण्ण वाजत होतं. मागच्या चाकाच्या वर, स्प्रिंगच्या पाट्या जिथं चासीला अडकवतात त्या शॅकलपाशी, भद्द वाजलं. तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. पोराचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, कारण मेहनत त्यानं खरंच केली होती, फक्त चुकीच्या टोकाकडून.

दर उन्हाळ्यात अशी दोन-तीन पोरं येतात आणि चुका त्याच असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी गाडीबद्दल. १९८८ साली टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) टाटा मोबाइल ही पिकअप आणली, २०७ ही त्याच घराण्यातली. चासी वेगळी, तिच्यावर केबिन आणि माल भरायचा हौदा बोल्टांनी बसवलेला. त्यामुळे चार धट्टीकट्टी माणसं मिळाली तर हौदा अंगणात उतरवता येतो आणि नवशिक्यालाही काम जमतं. पण गाडी कोकणात राबलेली असेल तर ती कशात राबली, हे पहिलं विचारा. विटा, खत, आंब्याच्या पेट्या वाहिल्या असतील तर निम्मी काळजी मिटली. मासळी वाहिली असेल तर सावध व्हा. हर्णैच्या नाहीतर मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात माल भरला, की वाटभर बर्फ वितळतो आणि खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर ठिबकत राहतं. अशी दहा-पंधरा वर्षं. वरून गाडी ठणठणीत दिसते आणि चासी आतून पोखरलेली असते.

गंजावर लांबी भरणं

लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. ती गंजावरच भरायची ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिची किंमत मी स्वतः मोजली आहे.

माझी पहिली पिकअप मी एका गाडी-विक्रेत्याकडून घेतली. रंग ताजा, केबिनच्या दाराखालची पट्टी गुळगुळीत. मी हात फिरवून खूश झालो. पावसाळा लागला आणि गणपती यायच्या आत त्या पट्टीवर रंगाला फुगे धरले. तांदळाएवढे, मग चिंचोक्याएवढे. एक फुगा नखानं उचकटला तर आतून तपकिरी पाणी आलं. मग मी छन्नी घेतली. बोटभर जाडीचा लांबीचा थर ढलपीसारखा सुटला. त्याच्यामागं पत्रा नव्हताच. जाळीचा तुकडा होता आणि त्याला टेकू म्हणून कोंबलेले वर्तमानपत्राचे ओले बोळे. तसाच पुढं उकरत गेलो. ड्रायव्हरच्या सीटचा मागचा बोल्ट पान्याशिवाय हातात आला. त्याच्याखालचा पत्रा पापडासारखा तुटत होता. महिन्याभरापूर्वी बायको आणि दोन मुलांना शेजारी बसवून मी त्याच सीटवरून कुंभार्ली घाट उतरलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे असं का होतं, ते समजून घ्या म्हणजे मोह होणार नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे तो वरचं काहीही उचलून टाकतो, मग ती लांबी असो वा महागातला रंग. त्यात लांबी पाणी शोषते, रेड ऑक्साइडही हवेतली ओल पूर्ण अडवत नाही. आणि मासळीच्या गाडीत तर पत्र्याला पडलेल्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ग्राइंडरचा वायर ब्रश वरून चकाकी आणतो, खड्ड्यातलं मीठ तिथंच राहतं. मिठाला ओल हवी असते आणि आपल्याकडे हवेत तिला तोटा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे रंगाच्या डब्यावरच्या सूचना लिहिणाऱ्यानं लक्षात घेतलेलं नसतं.

माझी पद्धत मी सांगतो, दुसऱ्या कुणाची वेगळी असेल. आधी लोहचुंबक घेऊन सगळी गाडी फिरतो. चुंबक जिथं धरत नाही तिथं आत लांबी आहे, खडूनं गोल करतो. मग हातोडीनं ठोकून आवाज ऐकतो. भद्द वाजलं की पुन्हा खडू. हे झाल्याशिवाय ग्राइंडरला हात लावत नाही. मग पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा आणि गोड्या पाण्यानं धुवायचा. एकदा नाही, तीनदा, नायलॉनच्या ब्रशनं खड्डे घासत. धुतल्या धुतल्या फडक्यानं पुसून कडक उन्हात वाळवायचा. वाळला की लगेच प्रायमर मारू नका. रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी जाऊन बघा. सगळीकडे एकसारखी फिकट झाक आली असेल तर ती हवेची, हलकं घासलं की जाते. पण ठिपक्याठिपक्यांनी गडद टाचणीच्या टोकाएवढे डाग उठले असतील तर मीठ अजून आत आहे. पुन्हा धुवा. एका हौद्याला मी हे पाच वेळा केलं आहे. डाग यायचे थांबले की पुन्हा घासून, थिनरनं पुसून, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी भरायचीच असेल तर ती त्यानंतर, आणि दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. पत्र्याला भोक असेल तर लांबी हा त्याचा इलाज नव्हे. सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापा आणि नवा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वेल्ड करून घ्या.

गंज कन्व्हर्टरची (गंज थोपवणाऱ्या रसायनाची) बाटली वाईट नाही. पण ती पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजासाठी आहे. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ओतून वर रंग मारणारे लोक वेळ वाचवत नाहीत, तेच काम दोन वर्षांनी दुप्पट करून ठेवतात.

आणि चासीचं वेल्डिंग स्वतः शिकत शिकत करू नका. दाराच्या पत्र्यावर हात बसवा, हौद्याच्या तळावर बसवा. चासीसाठी ट्रकची चासी जोडणारा जाणता माणूस गाठा. तिथं माझं मत बदलणार नाही.

चासी नंबरवर ग्राइंडर

ही चूक एका मिनिटात होते आणि महिनोनमहिने भोगावी लागते. चासी नंबर लोखंडातच कोरलेला असतो. गंज, चिखल आणि ग्रीसखाली तो दिसत नाही. नवशिका उत्साहात चासी घासत जातो आणि नंबरवरूनही ग्राइंडरची घासायची चकती फिरवतो.

आमच्या गावातल्या एका मुलानं हे केलं. गाडी सुंदर केली होती, तक्रारीला जागा नाही. आरटीओच्या फिटनेस तपासणीला घेऊन गेला. तिथं चासी नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात, तसा छाप घ्यायला गेले तर सतरापैकी सहा अक्षरं पुसट. आता ही गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. अर्ज, शपथपत्र, तपासणी, पुन्हा नंबर कोरायची परवानगी. पूर्ण तयार झालेली गाडी पुढचा अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली उभी होती. आणि पोरगा प्रामाणिक होता, कागद सगळे खरे होते.

म्हणून गाडी घरी आली की पहिल्या दिवशी नंबर शोधा. डिझेलचा बोळा आणि जुना टूथब्रश, एवढंच वापरा. पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या, आरसी बुकातल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा आणि तो कागद फाइलला लावा. मग नंबरवर ग्रीस थापा, वरून रबराचा तुकडा ठेवून चिकटपट्टीनं बांधा. ती पट्टी मी सगळ्यात शेवटी सोडतो. घरात मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला ती जागा दाखवून ठेवतो.

कागदांचंही तेव्हाच बघा, रंगानंतर नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, कर्जाचा बोजा हे दिसतं. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि पुढं दर वर्षी फिटनेस लागतं. किती वर्षांचं थकलं आहे, टॅक्स किती बाकी आहे, मूळ मालक हयात आहे का, सही द्यायला तयार आहे का, याचा हिशेब आधी करा. कागद नसलेल्या गाडीवर लाखभर रुपये घालून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

चिऱ्यांवर गाडी ठेवणं

कोकणात अंगणात जांभ्याचे चिरे असतातच, त्यामुळे जॅकनं गाडी उचलली की हात आपोआप चिऱ्याकडे जातो. जांभा भिंतीत शंभर वर्षं टिकतो, कारण तिथं वजन सगळीकडे सारखं पसरतं. चासीची अरुंद कड त्याच्या मधोमध टेकली की तो सांगून फुटत नाही. माझ्यासमोर एक चिरा असा फुटला, खाली माणूस नव्हता म्हणून आज हे शांतपणे लिहितो आहे. लोखंडी स्टँड घ्या, जोडी फार महाग नसते. त्यालाही आधार म्हणून काढलेली चाकं चासीखाली सरकवून ठेवा. जॅकच्या भरवशावर खाली जाऊच नका, पडलेला पाना उचलायलासुद्धा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सगळे नट-बोल्ट एका बादलीत टाकू नका. दाराचे दाराला, हौद्याचे हौद्याला, वेगवेगळ्या पिशव्या, आत चिठ्ठी. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो. महिन्यानंतर वायसर कुठल्या बाजूला होता हे कुणालाच आठवत नाही.

जाम नटावर पान्याला पाइप लावून जोर काढू नका. तेल मारा, हातोडीनं बाजूनं ठोका, उद्या या, पुन्हा तेल मारा. घाई झालेल्याच्या हातात तुटलेला बोल्ट राहतो आणि ड्रिलमध्ये दिवस जातो.

केबिनची खालची पट्टी दोन्ही बाजूंनी एकदम कापू नका. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. दारं बसवून, आत आडवा अँगल टाकून कापा. नाहीतर केबिन चिमटते आणि दार कधीच नीट लागत नाही.

बादलीत भाग बुडवून बॅटरी चार्जरनं गंज काढायचा प्रयोग चांगला आहे. धुण्याचा सोडा, पाणी, निगेटिव्ह गंजक्या भागाला, पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडाला. उलटं लावलंत तर तुमचाच भाग झिजेल. टाकाऊ तुकडा स्टेनलेस स्टीलचा नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे अंगणातच, आणि जवळ विडी-काडी नाही.

डिझेलची टाकी घरी वेल्ड करू नका. रिकामी टाकी जास्त धोक्याची, आत वाफ असते.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनला नवी बॅटरी लावून सेल्फ (स्टार्टर) मारू नका. डिझेल फवारणारे नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर थांबा. सकाळी क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका. मोकळं फिरलं की नोझल काढलेल्या अवस्थेतच सेल्फ मारून जादा ऑइल बाहेर काढा, समोर तोंड नेऊ नका. मग टाकी धुवा, फिल्टर बदला, डिझेलच्या पाइपांतली हवा काढा, आणि मगच स्टार्ट.

खालून जळकं ऑइल फासायची जुनी सवय सोडा. रबरी बुश फुगतात, ब्रेकच्या लायनरवर गेलं तर ब्रेक जातो आणि पुढं त्यावर कुठलाही रंग धरत नाही.

मे महिन्याच्या शेवटी अख्खी गाडी उघडी करू नका. ७ जूनला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी दिवाळीनंतर काम काढतो आणि एका वेळी तेवढाच भाग उघडा करतो, जेवढा दोन दिवसांत प्रायमरखाली जाईल. रंग तर पावसाळी हवेत मारूच नये, वर पांढुरकी साय येते.

राहिला ब्रेक. रंग लागला, इंजिन लागलं की कुणालाच थांबवत नाही आणि गाडी थेट हायवेला जाते. ब्रेकचे लोखंडी पाइप वरून चांगले दिसतात, गंज धरतो तो क्लिपखाली, जिथं ओल साठते. प्रत्येक क्लिप सोडवून पाइपावर बोट फिरवा. खडबडीत लागलं तर पाइप नवा. व्हील सिलिंडरचे रबर न बघता नवे. ड्रम उघडलात तर आतली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. मग इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर काम बाकी आहे. नाही गेला तर घरासमोरच्या सपाट रस्त्यावर दहा वेळा थांबवून बघा, परत आणा, चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून ओल शोधा. ही तपासणी मी आठवडाभर रोज करतो. घाट त्यानंतर.