जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं चार्जिंग : अल्टरनेटर बदलण्याआधी या चुका टाळा

सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता टकटक करतो, मग कुणीतरी ढकलून ट्रॅक्टर चालू करायचा आणि संध्याकाळपर्यंत बंदच करायचा नाही. हे आठवडाभर चाललं की माणूस वैतागून नवी बॅटरी आणतो. ती महिन्यात उतरली की नवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग. दोन्ही बदलूनही दुखणं तसंच राहतं, कारण ते बहुतेक वेळा वायरीच्या टोकाच्या एखाद्या गंजलेल्या थिंबलमध्ये किंवा सैल पट्ट्यात असतं.

पहिली चूक म्हणजे न मोजता सुटे भाग बदलणं. साधा मल्टीमीटर पुरतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.4 च्या खाली असेल तर आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, कारण अर्धमेल्या बॅटरीवर केलेली कोणतीही तपासणी फसवी निघते. आता इंजिन चालू करून रेस वाढवा. बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट आले, तर चार्जिंग ठीक आहे. आकडा 12.6 वरच अडकला किंवा खाली येत गेला, तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि बॅटरीतलं पाणी लवकर आटणार.

यात एक बारकी गोष्ट सुटते. अल्टरनेटरच्या जागी असणारे जुने डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाहीत. मंद इंजिनावर मीटर लावून ‘डायनॅमो गेला’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत. निदान 1500 आरपीएमला मोजा.

आकडा कमी आला म्हणून लगेच डायनॅमो किंवा अल्टरनेटर सोडवू नका. आधी पट्टा अंगठ्याने दाबून बघा, साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबला तर ठीक. पट्टा तुळतुळीत झाला असेल किंवा पुलीच्या खाचेच्या तळाला टेकत असेल, तर कितीही ताणला तरी तो घसरणार.

यानंतर सगळ्यात जास्त वेळ द्यावी अशी तपासणी. इंजिन त्याच रेसवर ठेवून हेडलाइट लावा. मल्टीमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड आउटपुट बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लस खांबावर धरा. केबलच्या क्लॅम्पवर नाही, खांबावरच. 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर मधल्या वायरीत किंवा जोडात वीज अडतेय. हेच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात करा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये अर्थिंगचाच, म्हणजे बॅटरीचं टोक बॉडीला जोडणाऱ्या पट्टीचाच, घोळ जास्त सापडतो, कारण अर्थची पट्टी रंग आणि गंजावरच आवळलेली असते. ती जागा लोखंड चमकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरचं दोन महिन्यांचं दुखणं अर्ध्या तासाच्या या घासाघाशीत गेलं. तोवर नवा रेग्युलेटर आणून झाला होता, तो अजून फळीवर पडलाय.

चार्जिंगचा दिवा हे दुसरं गूढ. चावी ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो कधीच लागत नसेल तर बरेच जण खूश होतात. पण अनेक अल्टरनेटरना जागं करणारा करंट त्याच दिव्यातून जातो. बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही झोपलेलाच राहतो. तिथे हौसेने एलईडी बसवला तरी करंट अपुरा पडू शकतो, मग त्याला समांतर रेझिस्टर लागतो.

आणि चार्जिंग होतंय का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची जुनी खोड कायमची सोडा. बॅटरीचा आधार गेला की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरमधला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा रेग्युलेटर जळतो. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करतानाही बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडवा.

बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांवर चुंबकाचा लहान डायनॅमो असतो. तो 12 ते 15 अँपिअरच देतो. 55 वॅटचे दोन हॅलोजन लावले की त्यातले 9 तिथेच जातात. माझं मत विचाराल तर आधी एलईडी दिवे लावून बघा, पुष्कळदा अपग्रेडची गरजच उरत नाही.

तरीही जादा दिवे, फवारणीचा पंप वगैरेसाठी 40 अँपिअरचा अल्टरनेटर बसवायचा असेल, तर पहिल्यांदा बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघा. काही जुन्या ट्रॅक्टरांत प्लस टोक अर्थला असतं. तिथे अल्टरनेटर तसाच जोडला तर डायोड त्याच क्षणी उडतात. डायनॅमोचा जुना, वेगळा बसवलेला कटआऊट-रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका, नव्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बहुधा आतच असतो.

खरा धोका जुन्या वायरिंगचा. डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून सगळा चार्जिंग करंट जातो, आणि तो मीटर व त्याची वायर जेमतेम 20-30 अँपिअरच्या हिशोबाची असते. त्यातून 40 सोडले तर वायर तापून आग लागू शकते. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड, 10 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढा, बॅटरीजवळ फ्यूज घाला आणि डॅशवर व्होल्टमीटर बसवा. पुली समोरच्या पुलीशी एका रेषेत येतेय का, हे सरळ पट्टी लावून बघा. फक्त नजरेच्या अंदाजावर बसवली तर पट्टा कडेने फाटतो.

एवढं करून चावी बंद केल्यावरही इंजिन थांबत नसेल तर घाबरू नका. करंट मिळेपर्यंत डिझेल चालू ठेवणारा आणि तो तुटला की बंद करणारा सोलेनॉइड (विजेवरचा झडप-खटका) असलेल्या ट्रॅक्टरमध्ये चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीतून करंट उलटा येतो आणि सोलेनॉइड चालूच राहतो. त्या वायरीत एक डायोड घाला, डायोडवर रंगवलेली पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला ठेवून.