कुलूपबंद ईमेल: एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे मॅक

माझ्याकडे उबुंटू, भावाकडे मॅक, सीएंकडे विंडोज. तिघांत कुलूपबंद ईमेल (पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाच मजकूर वाचता येत नाही असं) चालतं, कारण त्यामागचं ओपनपीजीपी हे मानक ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नाही. सगळ्यांनी थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम टाकला की निम्मं काम झालं. आवृत्ती ७८ पासून (२०२०) ही सोय त्यातच आहे, वेगळं ॲड-ऑन लागत नाही.

अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ उघडून किल्ल्यांची जोडी बनवा: सार्वजनिक किल्लीने मेल कुलूपबंद होतो, खासगी किल्लीने उघडतो. सार्वजनिक किल्ली, म्हणजे ‘.एएससी’ फाइल, समोरच्याला बिनधास्त मेल करा. त्याची तुम्ही घ्या.

इथेच लोक घाई करतात. आलेली किल्ली खरंच त्याचीच कशावरून? फोन लावा आणि ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या किल्लीची ओळखखूण, चार-चार अक्षरांनी वाचून जुळवा. कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटांचं काम. मग किल्ली ‘स्वीकृत’ करा आणि मेल लिहिताना ‘एन्क्रिप्ट’ दाबा.

कोणी कोणाला, कधी पाठवलं हे मात्र झाकलं जात नाही.

खासगी किल्लीची प्रत पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर ठेवा. लॅपटॉप फॉरमॅट केला आणि किल्ली गेली, तर जुने मेल तुम्हालाही उघडणार नाहीत.