ग्लुलॅम तुळईला बोल्टच्या रांगेत तडा: मी केलेली दुरुस्ती

वातानुकूलित इमारत, ६०० मिमी उंचीची ग्लुलॅम (फळ्या थरांत चिकटवून केलेल्या लाकडाची) तुळई. टोकाला दोन्ही बाजूंनी पोलादी प्लेटा, त्यांत बोल्टची उभी रांग, सगळी भोकं गोल. तडा वरच्या बोल्टपासून तंतूंच्या दिशेने गेलेला. भार जास्त नव्हता. लाकूड सुकलं होतं. ओलावा १ टक्का उतरला की लाकूड तंतूंना आडवं साधारण ०.२५ टक्के आकसतं. म्हणजे १२ वरून ८ टक्क्यांवर आलं की ६०० मिमीत ६ मिमी. पोलाद जागचं हलत नाही, मग लाकूडच फाटतं.

आधी टेकू देऊन भार उतरवला. उभा भार तळाखालच्या पोलादी बैठकीवर घेतला. ती खांबाला बोल्टनेच जोडली, लाकडाशेजारी वेल्डिंग अजिबात नको. तिथे लाकूड तंतूंना आडवं चेपतं, म्हणून बैठकीची लांबी हिशेबानेच ठरवावी. खालचे बोल्ट तसेच ठेवले. वरच्या बोल्टसाठी प्लेटमधली भोकं उभी लांबट केली. मोकळी जागा बोल्टच्या खाली हवी, कारण तुळईचा माथा खाली येतो. हे हमखास उलटं होतं! नट हलके आवळून वर लॉकनट (पहिला नट सैल होऊ न देणारा).

तड्यातून आरपार, उभे, ८ मिमीचे पूर्ण आट्यांचे स्क्रू घातले. अर्ध्या आट्यांचे चालत नाहीत. तड्याच्या दोन्ही बाजूंना पकड लागते. मीटरवर ओलावा स्थिरावल्यावरच ते घालावेत, नाहीतर तेच आकसणं अडवतात.

बैठकीला आगीपासून संरक्षण हवंच: ६० मिनिटांसाठी सुमारे ५० मिमी लाकडाचं आवरण.