जुन्या मिनीव्हॅनमधला इलेक्ट्रिकल बिघाड शोधताना या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षं धावलेली मिनीव्हॅन एखाद्या सकाळी सेल्फ घेईनाशी झाली की घरातला पहिला निकाल ठरलेला असतो: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा चावी फिरवली की नुसती टिकटिक. मग संशय अल्टरनेटरवर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट), त्यानंतर सेल्फवर. एकेक महाग पार्ट बदलला जातो आणि खरा बिघाड असतो सरकत्या दाराच्या वायरिंगमध्ये, नाहीतर इंजिनजवळच्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंटला बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडात.

जुन्या गाडीत वायर जिथे वाकते, जिथे भिजते आणि जिथे बोल्टने बॉडीला जोडलेली असते, त्या जागा आधी बघायच्या; पार्टांचा नंबर नंतर. मिनीव्हॅनमध्ये अशा जागा साध्या कारपेक्षा जास्त. दोन सरकती दारं, वर उघडणारी मोठी डिक्की, मागच्या रांगांसाठी वेगळा ब्लोअर, तिसऱ्या रांगेतले दिवे. पुढच्या फ्यूज बॉक्सपासून नंबर प्लेटच्या दिव्यापर्यंत जाताना वायर कितीतरी ठिकाणी दुमडते आणि घासते.

न मोजता बॅटरी बदलणं

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती थकलेली असण्याचीच शक्यता जास्त. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावूनही आकडा १३.५ च्या जवळपास टिकला, तर अल्टरनेटरला उगाच दोष देऊ नका. काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एखाद्या क्षणी आकडा कमी दिसला म्हणजे अल्टरनेटर गेलाच असं नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी युक्ती मात्र कायमची विसरा. बॅटरी अचानक बाजूला झाली की अल्टरनेटरच्या व्होल्टेजचा झटका कित्येक पटींनी उसळतो आणि गाडीतला एखादा कंट्रोल युनिट, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, जागच्या जागी मरू शकतो. ज्या काळात गाडीत कॉम्प्युटरच नव्हते, त्या काळातली ही तपासणी आहे.

‘बारा व्होल्ट येतायत ना, मग वायर ठीक आहे’

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच. मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना करंट जवळपास ओढतच नाही. त्यामुळे वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच शिल्लक असली, तरी मीटर छातीठोकपणे १२.४ दाखवेल. त्याच वायरवर हेडलाइट लावा, तो मिणमिणेल. म्हणून तपासणी लोड, म्हणजे करंट घेणारा दिवा किंवा मोटर, चालू ठेवूनच करायची. दिवा लागत नसेल तर होल्डरमध्ये बल्ब बसलेला असतानाच कपलरच्या (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) मागून मीटरचं टोक घालून मोजा.

याच्या पुढची पायरी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, वायरच्या वाटेत किती व्होल्टेज गळतं ते मोजणं. नाव भारदस्त आहे, काम सोपं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे वायरच्या क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशाच्या खुंटीवर ठेवा आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली, शक्यतो ०.२ च्या आसपास हवा. एक व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज अर्थिंगच गिळतंय आणि सेल्फ उपाशी राहतोय. आता दुसरं टोक टप्प्याटप्प्याने मागे आणा: ब्लॉकवरून अर्थिंग पट्टीच्या बोल्टवर, तिथून बॉडीवरच्या जोडावर, शेवटी बॅटरीच्या क्लॅम्पवर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथे दोष. बऱ्याचदा तो खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येच सापडतो. वरून क्लॅम्प चकचकीत, पण सोडवून पाहिला तर आतल्या बाजूला राखाडी काळा थर. ब्रशने घासून परत घट्ट बसवला की काम झालं. पॉझिटिव्ह बाजूचीही तपासणी अशीच, बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड वायरपर्यंत.

टर्मिनल सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी आणि पाना दोन्ही लक्षात राहतील.

विचित्र लक्षणांना विचित्र कारणं शोधणं

ब्रेक दाबला की एका बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो. हेडलाइट लावले की मागचा दिवा उलट विझतो. अशा वेळी लोक थेट कॉम्प्युटरवर येतात. पण हे बहुतेकदा मागच्या दिव्याचं अर्थिंग गेल्याचं लक्षण असतं. करंटला नेहमीची परतीची वाट बंद झाली की तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, आणि नको तो दिवा पेटतो. मागच्या दिव्याचं युनिट काढा, काळ्या किंवा तपकिरी वायरचा कपलर बघा (अर्थिंगचा रंग कंपनीनुसार बदलतो, पण बहुधा याच दोहोंपैकी एक), आणि पिन काळवंडली किंवा प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर शोध तिथेच संपवा. इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा बल्ब उडालाय, नाहीतर कमी वॅटचा एलईडी बसवलाय. त्यासाठी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) बदलू नका.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो, हीसुद्धा अशीच ओळखीची तक्रार. मोटर चांगलीच असते. स्पीड कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. मात्र नवा रेझिस्टर लावण्याआधी त्याचा कपलर बघा. तो करपला असेल तर नवा रेझिस्टरही तिथेच जळेल.

सरकतं दार आणि डिक्की न उघडता गाडी तपासणं

मिनीव्हॅनच्या तक्रारींचा मोठा वाटा इथे असतो, आणि गंमत म्हणजे इथेच सगळ्यात शेवटी बघितलं जातं. डिक्की आणि छप्पर यांच्यामध्ये रबराची एक घडीदार नळी दिसते. नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, डिक्कीचं लॉक, काचेचा हीटर या सगळ्यांच्या वायरी तिच्यातून जातात. डिक्की उघडताना-मिटताना प्रत्येक वेळी त्या वाकतात आणि काही वर्षांत आतली तांब्याची तार तुटते. वरचं आवरण मात्र अखंड राहतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवा आणि एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. चांगली ताणली जात नाही. कधी वायपर चालू असताना डिक्की हळूहळू वर-खाली करून पाहिली तरी वायपर कुठल्या कोनात थांबतो ते दिसतं.

सरकत्या दारात दोन प्रकार असतात. काही गाड्यांत प्लॅस्टिकच्या साखळीसारख्या पट्ट्यातून वायरी दाराबरोबर पुढे-मागे सरकतात. काहींत दार आणि खांब यांच्यावर स्प्रिंगच्या पिना आणि पितळी ठिपके असतात, आणि दार बंद झालं तरच वीज पोचते. दुसऱ्या प्रकारात दाराचं लॉक किंवा काच अधूनमधून काम करत नसेल तर आधी ते ठिपके कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा.

तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळणं ही त्याच जागी दुसरी चूक. टेपचा गोंद उन्हात सुटतो. वाकणाऱ्या जागी नुसती झाळही चालत नाही, कारण झाळलेला भाग ताठ होतो आणि वायर त्याच्या शेजारी पुन्हा तुटते. लवचीक, बारीक तारांची नवी वायर घालून जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्या, क्रिंप करा (पक्कडीने दाबून जोडा), वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा आणि सगळे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका.

उभ्या गाडीत बॅटरी उतरतेय, पण मोजणी घाईत

सगळं बंद असतानाही गाडी थोडा करंट घेतेच. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ५०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरीही तीन-चार दिवसांत सेल्फ घेणार नाही.

मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्यामध्ये जोडायचा. बहुतेकांची चूक पुढे होते: लगेच आकडा बघतात. दार बंद केल्यावर गाडीतले युनिट झोपायला वीस मिनिटं ते पाऊण तास, काही गाड्यांत त्याहून जास्त लागतं. तोवरचा मोठा आकडा निरर्थक. बॉनेट उघडं असल्याने गाडी जागी राहत असेल तर त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने आत दाबून ‘बंद’ करा. चावी दूर ठेवा आणि मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

झोपल्यावरही आकडा मोठा असेल तर फ्यूज एकेक उपटण्याऐवजी जागेवरच प्रत्येक फ्यूजच्या वरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य म्हणजे त्यातून करंट जात नाही. फ्यूज उपटला की झोपलेला युनिट पुन्हा जागा होतो आणि मोजणी गोंधळते. नेहमीचे संशयित: दाराच्या कुलपातला बिघडलेला स्विच, ज्यामुळे गाडीला दार उघडंच वाटतं, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेरा, आणि अल्टरनेटरमधला गळका डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग). शेवटच्यासाठी, अल्टरनेटरची जाड वायर वेगळी केल्यावर आकडा पडतो का ते बघा, पण बॅटरी सोडवल्यावरच ती काढा.

काम झालं की मीटरची लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. ती १० अँपिअरवर राहिली आणि कुणी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं तर थेट शॉर्ट.

फ्यूज, पाणी आणि स्कॅनर

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून १५ अँपिअरच्या जागी ३० चा लावू नका. फ्यूज वायर वाचवतो; तो उडाला नाही तर वायर जळते. निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा, एवढं तरी लक्षात ठेवा.

पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावरच बिघाड होत असेल तर वायरिंगआधी पाणी शोधा. पुढच्या काचेखालच्या जाळीतली पानं काढा, सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तपासा, पुढच्या सीटखालचं कार्पेट हाताने दाबून ओलं आहे का बघा. काही गाड्यांत कंट्रोल युनिट किंवा वायरींचे जोड त्याच कार्पेटखाली असतात. कपलरमध्ये हिरवट थर दिसला तर तो साफ केला तरी गळती बंद केल्याशिवाय परत येणारच.

स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) एकदम दहा-बारा कोड आले तर घाबरू नका आणि दहा पार्टही मागवू नका. व्होल्टेज पडलं की एकेक युनिट बोलणं बंद करतं आणि बाकीचे त्याची तक्रार नोंदवतात. बॅटरी चार्ज करा, कोड पुसा, गाडी चालवा, आणि परत येईल तोच कोड खरा धरा. बॅटरी काढल्यानंतर काच एका झटक्यात वर जात नाही किंवा आपोआप सरकणारं दार अर्ध्यात थांबतं, हा नवा बिघाड नसतो. त्यांना पुन्हा शिकवावं लागतं आणि त्याची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. तिथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही, रेझिस्टन्सही मोजायचा नाही; ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनचं. त्याच्याकडे गाडी देताना बिघाड कधी होतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, कोणतं दार उघडल्यावर, आणि तुम्ही मोजलेले आकडे, एवढं कागदावर लिहून द्या.