आरसी बोटीचा सिग्नल जातो? या चुका टाळा

आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोलची बोट किनाऱ्यापासून जरा लांब गेली की कंट्रोल सुटतो आणि लोक लगेच महागडा ट्रान्समीटर (हातातला रिमोट) शोधायला लागतात. थांबा जरा. बहुतेक वेळा रेडिओ ठणठणीत असतो, घोळ असतो अँटेना कुठे बसवलाय याचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिसीव्हर (सिग्नल घेणारा बोटीतला भाग) बोटीच्या तळाशी बॅटरीशेजारी कोंबणं. आतून कोरडी असली तरी ती जागा पाण्याच्या पातळीखाली असते, आणि सिग्नल लांबून जवळजवळ आडवा येतो, म्हणजे त्याला पाण्यातूनच वाट काढावी लागते. आजचे बहुतेक सेट २.४ गिगाहर्ट्झचे, आणि ही फ्रिक्वेन्सी पाणी अक्षरशः पिऊन टाकतं. गोड्या पाण्यात दर सव्वा सेंटीमीटरला साधारण निम्मी पॉवर जाते, दहा सेंटीमीटरनंतर शंभरातला एक हिस्साही उरत नाही, खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर विचारूच नका.

त्यामुळे अँटेना डेकच्या वर काढा, प्लास्टिकच्या नळीत घालून उभा करा. त्याच्या वायरचं शेवटचं साधारण ३१ मिलीमीटरचं टोकच सिग्नल पकडतं, बाकी नुसती केबल, म्हणून ते टोक कापू नका, दुमडू नका. दोन अँटेना असतील तर एकमेकांशी काटकोनात ठेवा. कार्बन फायबरची बॉडी असेल तर अँटेना बाहेरच हवा, कार्बन सिग्नल अडवतो.

आता पाणबुडीचं मॉडेल. २.४ वर ती बुडवली की संपलं. तिथे जुने, कमी फ्रिक्वेन्सीचे २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे सेटच लागतात, गोड्या तळ्यात ते काही मीटर खोलवर पोचतात. पण तीच पाणबुडी समुद्रात नेऊ नका, मिठामुळे पाणी वीज वाहून नेतं आणि ४० मेगाहर्ट्झसुद्धा काही सेंटीमीटरमध्येच गळतं. खऱ्या पाणबुड्यांशी बोलायला नौदलाला म्हणूनच त्याहून कितीतरी कमी, किलोहर्ट्झमधल्या लहरी वापराव्या लागतात, तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या तळावर त्यासाठीच प्रचंड अँटेना उभारलेत.

किनाऱ्यावर बसून चालवणं हीपण चूकच. पाण्यावरून परावर्तित झालेली लहर सरळ येणाऱ्या लहरीला मारक ठरते, तुम्ही जितके खाली तितका त्रास जास्त, तेव्हा उभे राहा, ट्रान्समीटर छातीशी धरा आणि अँटेनाचं टोक बोटीकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो.

एवढं करूनही फुल थ्रॉटलला (पूर्ण वेगात) कंट्रोल जात असेल तर व्होल्टेज बघा. मोटर जास्त करंट ओढते, रिसीव्हरचा सप्लाय पडतो, तो रीस्टार्ट होतो आणि आपण उगाच रेंजला दोष देतो. ब्रश मोटर असेल तर तिच्या ठिणग्यांचा सिग्नलला होणारा त्रास दाबायला टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावलेत का तेही बघा.

आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला की मोटर आपोआप थांबवणारी सेटिंग, सेट केल्याशिवाय बोट सोडूच नका, प्लीज. पाण्यात पोहणारी माणसं असतात, बदकं असतात. प्रॉपेलर हवेत धरून, हात लांब ठेवून, मोटर हळू चालू करा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली तरच बोट पाण्यात.