जंगल गाईड व्हायचंय? मग आधी एक सीझन टेल सांभाळा

गेल्या महिनाभरात तीन-चार पोरांनी विचारलं, दादा तुमच्यासारखं गाईडचं काम करायचंय, कोर्स कुठला करू. प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. टेल म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी चालणारा माणूस, त्याच्यावरच येणार आहे सगळं. लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

माझं थोडक्यात सांगतो. कोल्हापूरचा, बी.एस्सी. बॉटनी, मार्क बेताचेच. घरात सगळ्यांचं एकच, बी.एड. कर नाहीतर शिरोली एमआयडीसीत लाग. मी दोन्ही केलं नाही. कॉलेजात असल्यापासून दर जुलैला पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला जायचो. 1660 च्या जुलैत महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले ती वाट, दोन दिवस नुसता चिखल आणि पाऊस, मसाई पठारावर धुकं असलं तर पुढच्याची सॅक पण दिसत नाही. पहिली दोन वर्षं पोरांत पोर म्हणून गेलो, मग स्वयंसेवक झालो, म्हणजे काय तर ओढ्यात दोर धरून उभं राहायचं आणि जेवणाच्या ठिकाणी पातेली उचलायची. त्यातनं एका ट्रेकवाल्यांनी बोलावलं, दिवसाला 500 रुपये आणि जेवण. मला वाटलं लागलो की लायनीला!

पहिली मोठी चूक तिथंच झाली आणि ती सांगतोच, कारण नवीन पोरं हटकून तीच करतात. राधानगरीच्या बाजूला एक दिवसाची जंगल वॉक होती, 22 माणसं. मी सगळ्यांच्या पुढं. दिसेल त्या झाडाचं शास्त्रीय नाव फेकत, मागं लोक वा वा करतायत, मी अजून जोरात. पाणवठ्यावर पोचून डोकी मोजली तर 21. परत मोजली, 21. एक बँकेतले साहेब बुटाची नाडी बांधायला खाली बसले आणि उठून गुरांच्या वाटेनं चालत सुटले. पाऊण-एक तास आम्ही हाका मारतोय, रेंज नाही, त्यांच्या मिसेस माझ्याकडं बघतायत ते डोळे मला अजून आठवतात. साहेब सापडले ते खालच्या धनगरवाड्यावर, ताक पीत बसलेले, एकदम निवांत. ते हसले, मिसेस नाही हसल्या. आयोजकांनी माझे त्या दिवसाचे पैसे कापले. मागं चालायला त्यांनी माणूसच दिला नव्हता, ते कोण बोलणार.

आता अंदमान. म्हणाल हे मध्येच काय, तर इथला सीझन थंड असला की मी टूरवाल्यांबरोबर मदतनीस म्हणून जायचो. ज्येष्ठ मंडळींचा ग्रुप, सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळी तिथला लाइट अँड साउंड शो आणि दिवसातनं चार वेळा रात्री चपाती आहे ना याची चौकशी. डिसेंबर होता, मला एक दिवस मोकळा मिळाला, तर पदरचे पैसे भरून तिथल्या एका गाईडबरोबर जंगलात गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून. पोर्ट ब्लेअरसमोर, म्हणजे आता श्री विजयपुरम, खाडीपलीकडं माउंट हॅरिएट आहे. 2021 पासून त्याचं नाव माउंट मणिपूर, 1891 च्या युद्धानंतर मणिपूरचा राजा आणि त्याची माणसं इंग्रजांनी तिथं कैदेत ठेवली होती त्याची आठवण म्हणून. जुन्या लाल 20 च्या नोटेच्या मागं नारळाची झाडं आणि समुद्र होता बघा, ते चित्र तिथनंच दिसतं.

उंची चारशे मीटरसुद्धा नाही. रंकाळ्यावर भेळ खात बसलेला माणूस त्या डोंगरापेक्षा उंचावर असतो, खोटं नाही, आपलं कोल्हापूरच साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणून मी खिशात हात घालून निघालो. दोन तासात सगळी जिरली.

एक तर घाम वाळतच नाही. आपल्याकडं सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर आलं की वारं लागतं, अंग सुकतं, जरा बरं वाटतं. तिथं समुद्राची दमट हवा आणि वर झाडांचं छप्पर, घाम नुसता गळत राहतो आणि अंग थंडच होत नाही, मग चढ छोटा असला तरी माणूस कुकरमध्ये घातल्यासारखा होतो. दुसरं म्हणजे दिशा कळत नाही. सह्याद्रीत मान वर केली की कडा दिसतो, लांब कुठलं तरी धरण दिसतं, अंदाज येतो. तिथं गर्जन आणि पडौकची झाडं सरळसोट वर गेलेली, बुंध्याला भिंतीसारखी मुळं, एकेका मुळाच्या आड माणूस उभा राहिला तर दिसणार नाही, आणि आभाळ म्हणाल तर चार आण्याएवढं. आणि शांत कसलं! आपल्या राधानगरीच्या जंगलात, दाजीपूरला, काही हललं तर वानर ओरडतं, शेकरू खेकसतं, आपल्याला आधी खबर मिळते. अंदमानच्या जंगलात मुळात वानर-माकड नाही, शेकरू नाही, वाघ-बिबट्या तर नाहीच. भीती कमी पण खबर द्यायलाही कोणी नाही.

तो गाईड रांचीवाल्यांपैकी. तिकडं छोटा नागपूरकडनं जंगलतोडीच्या कामाला आलेल्या मजुरांच्या पुढच्या पिढ्यांना सरसकट रांचीवालेच म्हणतात. पन्नाशीचा, पायात प्लॅस्टिकची सँडल, बोलणं कमी. त्यानं सगळ्यांना साडेपाचला चॅथम जेटीवर बोलावलं तेव्हा मी मनात म्हणलं, डिसेंबरात साडेपाचला आमच्याकडं कुत्रं पण उठत नाही. जाऊन बघतोय तर उजाडलेलं. घड्याळ तेच, भारताचंच, पण आपण पश्चिमेच्या टोकाला आणि ते पार पूर्वेला, सूर्याच्या हिशोबात सव्वा तासाचा फरक पडतो. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि जंगलात त्याच्या आधीच अर्धा तास अंधारतं. कोल्हापूरच्या सवयीनं साडेपाचपर्यंत उजेड आहे असं धरून चाललेला माणूस तिथं बॅटरी शोधत बसणार.

आम्ही नऊ जण होतो. बोटीतनं बांबूफ्लॅट, तिथनं जीपनं वर. जीप थांबली ती तिकीट खिडकीपासून जरा लांबच, मला वाटलं पार्किंगला जागा नसेल. नंतर विचारलं तेव्हा कळलं की ते तो मुद्दाम करतो. जीपपासून खिडकीपर्यंत आपण चालत होतो तेवढ्यात त्यानं सगळ्यांची चाल बघून घेतली होती. कोण गुडघा जपतंय, कोण फोनमध्ये बघत चालतंय, कोणाचे बूट नवीन कोरे आहेत. कोलकात्याच्या एक मावशी होत्या, साठीच्या, त्यांना त्यानं आपल्या मागोमाग दोन नंबरला घेतलं. सगळ्यात हळू माणूस दोन नंबरला! मी इतकी वर्षं हळू चालणाऱ्याला मागं टाकत आलेलो, म्हणजे पुढचे थांबतात तेव्हा तो पोचतो आणि तो पोचला की पुढचे उठतात, बिचाऱ्याला विश्रांती कधीच नाही. इथं अख्खी रांग मावशींच्या चालीनं. चेन्नईची दोन पोरं वैतागली, पण दुपारपर्यंत कोणीच धापा टाकत नव्हतं. मला म्हणाला, आप पहाड़वाले हो, आप लास्ट. म्हणजे टेल. पैसे भरून आलेल्या माणसाला कामाला लावलं पठ्ठ्यानं.

आणि एकच नियम सांगितला. वाट फुटली की थांबायचं, तुमच्या मागचा माणूस तुम्हाला दिसेपर्यंत हलायचं नाही. तुम्ही फक्त मागच्या एकाचे. नऊ डोकी मोजायची गरजच नाही, साखळी आपोआप धरून राहते. हे आधी माहीत असतं तर बँकेतले साहेब ताक प्यायला गेले नसते.

वेताचं पण सांगतो, कारण हे कुठल्याही कोर्सला शिकवत नाहीत. वेताच्या चाबकासारख्या शेंड्या वाटेवर लोंबत असतात, उलट्या वाकड्या काट्यांच्या. माझ्या बाहीत एक अडकली, मी सवयीप्रमाणं पुढं हिसडा दिला, शर्ट टरकावला आणि दंडावर तीन ओरखडे. तो मागं आला, माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला एक पाऊल मागं ओढलं, काटे आपसूक सुटले. गळ जसा आत गेला त्याच वाटेनं बाहेर काढायचा, बस. इथं आल्यावर शिकेकाईच्या जाळीत तेच करून बघितलं, शंभर टक्के चालतं.

जळवांचं मात्र आपल्याला काय नवीन नाही, आंबा घाटात पावसाळा काढलेला माणूस अंदमानच्या जळवांना भीत नाही. फक्त आपल्यातली तंबाखू-चुन्याची आणि मिठाची सवय तेवढी सोडा. मीठ टाकलं की जळू पोटातलं जखमेत ओकू शकते. नखानं तिचं बारीक टोक चामडीलगत सरकवायचं, तोंड सुटतं, मग दुसरं टोक. रक्त बराच वेळ वाहतं कारण गुठळी होऊ नये असं काहीतरी ती आत सोडते, घाबरून धावपळ करू नका, धुवून दाबून धरा.

काळा पत्थर ओलांडून वाट पुढं मधुबनच्या किनाऱ्याला उतरते, आम्हाला तिथवर जायचं होतं. साडेअकराच्या सुमाराला तो थांबला, मावशींच्या पायाकडं बघितलं आणि म्हणाला, इथनं परत. मावशी म्हणतायत मी ठीक आहे, चेन्नईवाली पोरं म्हणतायत पैसे मधुबनचे दिलेत, मला पण मनातनं जायचंच होतं. त्यानं वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. एवढंच सांगितलं की उतारावर ह्यांचा पाय आता आडवा पडायला लागलाय, ह्या चालीनं खाली पोचायला चार वाजतील आणि चारला जंगलात काय दिसतं ते तुम्ही बघितलेलं नाही. वळलो. परतीच्या बोटीत असताना पाचला सूर्य बुडाला, डेकवर मावशी सगळ्यांना नारळाच्या वड्या वाटत होत्या आणि पोरं पण खात होती. मधुबन मी आजपर्यंत बघितलेलं नाही.

मला विचाराल तर गाईडचा पगार त्या साडेअकराच्या निर्णयाचा असतो. झाडांची नावं काय, मोबाईल पण सांगतो हल्ली.

तर आता तुमचा मूळ प्रश्न, कोर्स. दोर, बर्फ, मोठे डोंगर करायचे असतील तर उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथं बेसिक माउंटेनिअरिंग आहे, साधारण चार आठवड्यांचा, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून अर्ज लवकर टाका. अनुभव भारी आहे पण तेवढ्यावर जंगल वॉकचं काम येत नाही, बर्फात शिकलेलं सगळं दाजीपूरला उपयोगी पडत नाही. त्याआधी डोंगर-जंगलातलं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग करा, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवू नका, दर वर्षी परत हात चालवून बघा. झाडं शिकायची असतील तर आपल्याकडं शिवाजी विद्यापीठाचा बॉटनी विभाग आहे, त्यांची बाग आहे, कंदीलपुष्पावरचं त्यांचं काम देशभर नावाजलेलं आहे. अॅडमिशन नसली तरी माळ्याशी ओळख करा, निम्मं तिथंच शिकाल. आणि राधानगरी. 1958 चं अभयारण्य, राज्यातलं पहिलं, आता साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि आपली पोरं तिथं गवा बघायला एकदा जाऊन येतात नि संपलं. तिथल्या गावातली गाईड पोरं आहेत त्यांच्याबरोबर दहा वेळा जा, दर वेळी पैसे देऊन जा, फुकट शिकायला जाऊ नका. एकटा गवा वाटेत उभा असला तर तो पोरगा किती वेळ गप्प थांबतो ते बघा. गवा दिसला की फोटोसाठी पुढं सरकणारा एक ग्रुपमध्ये असतोच, त्याला हात न लावता मागं कसा घेतो ते बघा.

पैशाचं खरं सांगतो, पहिली तीन वर्षं ह्याच्यावर घर चालत नाही. जुलै-ऑगस्टला काम उतू जातं, मग ऑक्टोबरपर्यंत शुकशुकाट. पावसात अभयारण्यात प्रवेश बंद असतो तेव्हा तिथलंही काम नाही. मी मधल्या काळात टूरबरोबर गेलो, एका नर्सरीत रोपं भरली, लग्नात फोटोग्राफरच्या लाईट धरल्या. लाज वाटून घेऊ नका. कोणाबरोबर काम घेताना मात्र टेलला वेगळा माणूस आहे का, किती माणसांमागं एक गाईड, आणि परत फिरायचा निर्णय कोणाचा, हे तिन्ही आधी विचारा. तिसऱ्याचं उत्तर ऑफिसातनं ठरतं असं आलं तर ते काम घेऊ नका, 500 रुपये कमी मिळाले तरी चालतील.

बूट भारीतले लगेच घेऊ नका. चिखलात पकड असली आणि पाणी शिरलं तसं बाहेर पडलं की झालं, जुलैत काहीही घातलं तरी पाय भिजणारच आहेत. सुके मोजे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. ज्यांना यंदा मोहिमेत टेलला यायचंय त्यांनी जूनच्या आधी सांगा, पहिली रात्र करपेवाडीच्या पुढंमागं काढावी लागते, झोपायला शाळेचा व्हरांडा नाहीतर कोणाची पडवी, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत टेलवाल्याला जेवण मिळत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.