संखेड्याचे लाखकाम टिपताना

गुजरातमधल्या संखेडा गावातील खराद्यांचे, म्हणजे लाकूड कातून त्यावर लाख चढवणाऱ्या कारागिरांचे, काम कॅमेऱ्यात टिपायचे असेल, तर बडोद्याहून भल्या पहाटे निघावे, कारण मऊ, तिरपा प्रकाश सकाळीच मिळतो. आधी कारागिरांची परवानगी घ्यावी आणि थोडा वेळ नुसते बसून त्यांच्या हातांची लय पाहावी; ही पायरी मी कधीच गाळत नाही. संघाड्यावर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) फिरणाऱ्या, फर्निचरच्या सागवानी पायाची गती दाखवायची असल्यास कॅमेरा ट्रायपॉडवर लावून शटर 1/30 सेकंद ठेवावे, आणि उडणारा भुसा स्थिर दिसायला हवा असल्यास 1/1000 पर्यंत जावे.

खरे सौंदर्य रंगात आहे. कथलाच्या चंदेरी नक्षीवर लाखेचा पिवळसर थर चढताच ती सोनेरी दिसू लागते, म्हणून दोन्ही अवस्थांची छायाचित्रे एकाच जागेवरून, एकाच प्रकाशात आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी कॅमेऱ्याची सेटिंग) न बदलता घ्यावीत. चकाकी फार त्रास देते. फ्लॅश बंद ठेवून खिडकीला पातळ पांढरे कापड लावावे.

परतल्यावर बडोद्याच्या जुन्या घरांची लाकडी दारे टिपताना ऊन बाजूने पडत असल्याची खात्री करावी, तरच कोरीवकामाची खोली दिसते.